पटावरचे गेटिसबर्ग

पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग ह्या सुमारे चोवीसशे वस्तीच्या गावाभोवती १८६३ च्या जुलै महिन्याच्या १, २ आणि ३ ह्या तारखांना जी लढाई झाली, ती अमेरिकन यादवी युद्धातील सर्वांत रक्तरंजित लढाई होय. मृत, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता असे दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैनिक ह्या तीन दिवसांत कामी आले किंवा निकामी झाले. ह्या लढाईवर इतिहासकारांनी, कादंबरीकारांनी आणि स्मरणग्रंथकारांनी विपुल लिहिले आहे. परंतु तिचे एक वाचन असे आहे, की ते कागदावर होत नाही. ते मेजावर होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत आणि इंग्लंडात प्रौढ, सुशिक्षित आणि बहुधा इतिहासाची गोडी असलेली माणसे सुटीच्या दिवशी एकत्र जमून धातूच्या चिमुकल्या सैनिकांनिशी ही लढाई पुन्हा लढत आली आहेत. ह्या उद्योगाला केवळ पोरखेळ म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तसे केल्यास मात्र इतिहासलेखनासंबंधीचा एक मूलभूत प्रश्न हातचा निसटतो.

खेळाचे साहित्य प्रथम पाहावे. सहा फूट रुंद आणि आठदहा फूट लांब असे मेज. त्यावर हिरवे कापड. एकावर एक थर रचून केलेल्या टेकड्या. वाळलेल्या शेवाळाची झाडे. आगकाडीएवढ्या लाकडी चिपांची नागमोडी कुंपणे. ह्या भूमीवर पंधरा मिलिमीटर उंचीचे, हाताने रंगविलेले सैनिक उभे असतात: उत्तरेचे निळे, दक्षिणेचे करडे आणि मातकट. तीनचार सैनिक एका लहानशा पट्टीवर चिकटवलेले असतात आणि अशी एक पट्टी म्हणजे सुमारे दोनशे माणसे असे मानले जाते. सातआठ पट्ट्यांची एक ब्रिगेड होते. अंतर मोजपट्टीने इंचांत मोजायचे, गोळीबाराचा परिणाम फासा टाकून कोष्टकात पाहायचा, आणि ब्रिगेडची हानी झाली की तिची एक पट्टी पटावरून उचलायची. ज्या ब्रिगेडने नुकताच गोळीबार केला तिच्यापुढे काही ठिकाणी कापसाचा बोळा ठेवतात. तो धूर होय.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक ओळखीची गोष्ट दिसेल. हा सारा पट उपलक्षणावर उभा आहे. सैनिकाच्या उंचीचे प्रमाण जर जमिनीलाही लावले, तर गेटिसबर्गचे रणांगण मावण्यासाठी चाळीसपन्नास मीटर लांबीचे मेज लागेल. म्हणून जमीन एका प्रमाणात आणि माणूस दुसऱ्याच प्रमाणात आखला जातो. परिणामी चारपाच घरांचे गाव होते, दहाबारा झाडांचे अरण्य होते. काळाचेही तसेच. एक खेळी म्हणजे रणांगणावरचा अर्धा तास. नाटकात जसा एका प्रवेशात पहाट होऊन माध्यान्ह उलटते आणि प्रेक्षक तक्रार करीत नाही, तसा हा संकेत खेळाडू मान्य करतात. संकेत मान्य केल्यावर मात्र त्यांची सत्यनिष्ठा कडवी असते. अमुक रेजिमेंटच्या निशाणाचा रंग किंवा अमुक तोफखान्यात नेपोलियन तोफा किती आणि आटे पाडलेल्या किती, ह्यावर ते ज्या पोटतिडकीने वाद घालतात ती पाहिली असता पाठभेदांवर झगडणाऱ्या संहिताचिकित्सकांची आठवण व्हावी.

ह्या खेळाची वंशावळ भारतात सुरू होते, हे सांगताना अभिमानाचा सूर लावण्याचे कारण नाही. पण ते खरे आहे. पदाती, अश्व, गज आणि रथ ह्या चार अंगांचा चतुरंग इराणमार्गे अरबांकडे आणि तेथून युरोपात गेला. १७८० साली ब्रुन्सविक येथील हेलविग ह्याने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यातील चौकोनांना डोंगर, नदी, दलदल असे रंग दिले. प्रशियातील फॉन राइसविट्स ह्याने १८१२ मध्ये राजाला आपला युद्धखेळ दाखविला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याने चौकोन टाकून दिले आणि खरा नकाशा घेतला; आणि बुद्धिबळाला जे कधी खपले नसते ते केले, म्हणजे पटावर फासा आणला. बुद्धिबळात दैव नाही आणि द्यूतात दैवावाचून दुसरे फारसे काही नाही. ह्या तरुण प्रशियन अधिकाऱ्याने दोहोंचा संयोग घडविला, आणि फाशाच्या मागे गोळीबाराच्या चाचण्यांतून मिळालेले आकडे ठेवले. त्याची आणखी एक सूचना अधिक मोलाची होती. दोन्ही सेनापती वेगळ्या खोल्यांत बसत आणि मध्ये एक पंच असे. सेनापतीला त्या क्षणी जेवढे दिसू शकले असते तेवढेच तो पंच त्याला सांगे. महाभारतातील संजय धृतराष्ट्राला सर्व काही सांगतो. प्रशियन संजयाचे कौशल्य काय सांगायचे नाही ह्यात होते.

हा खेळ सैन्याच्या शाळांतून जगभर पसरला. अमेरिकेत त्याचे रूपांतर विल्यम लिव्हरमोर ह्या लष्करी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात केले. ह्याच लिव्हरमोरने पुढे, जॉन रोप्स ह्या इतिहासकाराच्या निधनाने अपुरा राहिलेला यादवी युद्धाचा इतिहास हाती घेतला आणि १९१३ मध्ये गेटिसबर्गपर्यंतचा त्याचा भाग प्रसिद्ध केला. खेळाचे नियम रचणारा आणि लढाईचा इतिहास लिहिणारा हात एकच असावा, हा योगायोग मानण्याची गरज नाही. एच. जी. वेल्सचे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवरचे ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तकही त्याच १९१३ सालचे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, असे त्याने त्यात सुचविले. पुढच्याच वर्षी युरोपने त्याचा सल्ला किती मानला हे सर्वांना ठाऊक आहे. मेजावरच्या लढायांना आजचे रूप मिळाले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९५८ मध्ये चार्ल्स रॉबर्ट्स ह्याने ‘गेटिसबर्ग’ नावाचा, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा पट विक्रीस आणला. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन ह्याचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक इंग्लंडात निघाले. १९६१ ते १९६५ हा यादवी युद्धाचा शताब्दीकाळ असल्यामुळे निळ्या आणि करड्या सैनिकांना तेव्हा विशेष मागणी होती.

परंतु वंशावळीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की प्रौढ माणसाला झालेली लढाई पुन्हा का लढावीशी वाटते. ह्याचे एक उत्तर अठराव्या शतकातील इंग्रजी कादंबरीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’मधील टोबीकाका नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी झालेला आहे. आपल्याला जखम कोठे झाली हे भेटीस येणाऱ्यांना समजावून सांगताना तो खंदक, बुरूज आणि तट ह्यांच्या शब्दजंजाळात अडखळतो. म्हणून तो नकाशा आणतो. नकाशा अपुरा पडतो म्हणून कॉर्पोरल ट्रिमच्या मदतीने अंगणातल्या हिरवळीवर किल्ल्यांच्या प्रतिकृती उभारतो. प्रतिकृती जन्माला येते ती जखम सांगता न आल्यामुळे. पुढे वॅडमन विधवा त्याला जखमेची जागा विचारते तेव्हा तिच्या मनात शरीर असते आणि टोबीकाकाच्या मनात नकाशा. स्टर्नने हे विनोद म्हणून लिहिले. परंतु युद्धाच्या प्रत्येक प्रतिकृतीला विचारावा असा प्रश्न त्यात दडलेला आहे. दिवाळीत मराठी मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. त्या किल्ल्यावर लढाई होत नाही. तो दर्शनासाठी असतो. गेटिसबर्गचा पट दर्शनासाठी नाही. तेथे प्रत्येक वेळी निकाल लागायचा राहिलेला असतो, आणि हेच त्याचे खरे आकर्षण आहे.

इतिहासकार लढाईचे वर्णन शेवटाकडून आरंभाकडे पाहत करतो. १ जुलैच्या सकाळी बुफर्डच्या घोडेस्वारांनी पायउतार होऊन मॅक्फर्सनच्या टेकाडावर दक्षिणेचे पायदळ रोखून धरले, हे वाक्य लिहिताना त्याला ठाऊक असते की दोन दिवसांनी हा विलंब निर्णायक ठरणार आहे. बुफर्डला ते ठाऊक नव्हते. उत्तरेच्या सैन्याचे आधिपत्य मीडकडे येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. दक्षिणेचा सेनापती ली आपल्या घोडदळाच्या प्रमुखाची, स्टुअर्टची, वाट पाहत होता, आणि स्टुअर्ट २ तारखेच्या दुपारपर्यंत येणार नव्हता. ह्या अज्ञानाचे वर्णन इतिहासग्रंथात करता येते. पण वाचकाला अज्ञानी करता येत नाही. पटावर बसलेला खेळाडू, काही काळापुरता तरी, तसा होतो. आपल्या डाव्या बाजूचे अरण्य रिकामे आहे की भरलेले, हे त्याला खरोखरच माहीत नसते.

ह्या दृष्टीने १ जुलैच्या सायंकाळची कथा विशेष उद्बोधक आहे. त्या दुपारी उत्तरेच्या दोन कोअर मोडल्या आणि गावातून मागे हटत गावाच्या दक्षिणेला असलेल्या स्मशानटेकडीवर गोळा होऊ लागल्या. लीने इव्हेलला निरोप पाठविला, की शक्य वाटल्यास ती टेकडी घ्यावी, पण बाकीचे सैन्य येईपर्यंत सर्वंकष लढाई मात्र अंगावर घेऊ नये. इव्हेलने टेकडी घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती टेकडी उत्तरेच्या संरक्षक रेषेचा कणा झाली. युद्धानंतर, आणि विशेषतः १८७० मध्ये ली वारल्यानंतर, दक्षिणेतील लेखकांनी ह्या क्षणाचे एक शल्य करून ठेवले. मे महिन्यात वारलेला स्टोनवॉल जॅक्सन जर त्या सायंकाळी तेथे असता, तर टेकडी गेली असती. टेकडी गेली असती तर लढाई जिंकली असती. आणि लढाई जिंकली असती तर… पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. पानिपतावर विश्वासराव पडला नसता तर काय झाले असते, ह्या प्रश्नाशी परिचित असलेल्या वाचकाला ही साखळी नवी वाटणार नाही.

आता हीच सायंकाळ पटावर मांडली म्हणजे काय होते? नवखा खेळाडू लगेच टेकडीवर चाल करतो. त्याला सर्व दिसत असते: टेकडीवर किती तोफा आहेत, शत्रूच्या ब्रिगेडी किती मोडलेल्या आहेत. तो विमानातून पाहावे तसा पाहतो. आणि जुन्या वादातील दक्षिणी लेखकही, थोडे बारकाईने पाहिले तर, विमानातूनच पाहत होते. नियमकारांना हा दोष उमगला आणि त्यांनी त्यावर निरनिराळे उपाय योजले. जॉन हिलच्या ‘जॉनी रेब’ (१९८३) ह्या नियमावलीत प्रत्येक तुकडीजवळ हुकुमाची चकती पालथी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी ती एकदमच उलटायची. रिचर्ड हेझनॉअरच्या ‘फायर अँड फ्युरी’मध्ये (१९९०) ब्रिगेड हलविण्यापूर्वी दहा बाजूंचा फासा टाकावा लागतो. ती ब्रिगेड ताजी आहे, झिजलेली आहे की संपलेली आहे, आणि तिचा अधिकारी जवळ आहे की नाही, हे सर्व जमेस धरून फासा सांगतो की ती हुकूम पाळील, रेंगाळेल की जागची हलणार नाही. दिवसभर लढलेल्या, गावाच्या गल्ल्यांत विखुरलेल्या, हजारो कैद्यांच्या बंदोबस्तात गुंतलेल्या ब्रिगेडी घेऊन टेकडी चढू पाहणाऱ्या खेळाडूला फासा पुन्हा पुन्हा ‘रेंगाळली’ असेच उत्तर देतो. त्याच वेळी यॉर्कच्या रस्त्याने शत्रू येत असल्याची वार्ता येते. ती खोटी असते. पण खोटी आहे हे त्याला कळत नाही. अंधार पडायला दोन खेळ्या उरलेल्या असतात आणि जॉन्सनची ताजी डिव्हिजन अजून रस्त्यातच असते.

अशा वेळी त्या खेळाडूच्या मनात जे घडते त्याला इतिहासज्ञान हेच नाव दिले पाहिजे. इव्हेल भित्रा होता की शहाणा, हा प्रश्न त्याच्यापुरता बदलून जातो. दोषाचा शोध व्यक्तीच्या स्वभावातून निघून परिस्थितीच्या गुंत्यात शिरतो. नायक आणि खलनायक ह्यांच्या भाषेत लिहिलेल्या युद्धेतिहासावर इतके प्रभावी भाष्य एखाद्या प्रबंधानेही केले नसते. अर्थात फाशाचा अधिकार मर्यादेतच मानला पाहिजे. ‘रेंगाळली’ असे म्हटल्याने ती का रेंगाळली हे सांगितल्यासारखे होत नाही. ज्याचे कारण ठाऊक नाही त्याला फासा केवळ दैवाचे नाव देतो. खेळात हरलेला माणूस फाशाला दोष देऊन घरी जातो, ही सोय इव्हेलला नव्हती.

दुसऱ्या दिवसाच्या लढाईत, म्हणजे सिकल्सने हुकुमाविना पुढे नेलेली कोअर, पीचच्या बागेतील कत्तल आणि लिटल राउंड टॉपच्या टोकावर चारशेहून कमी माणसांनिशी उभी असलेली विसावी मेन रेजिमेंट, ह्यांत खेळाडूंचा जीव अधिक रमतो. कारण तेथे प्रत्येक चालीला पर्याय आहे. तिसऱ्या दिवसाचे तसे नाही. ३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या दीडशेहून अधिक तोफा सुरू झाल्या. त्यांचे पुष्कळसे गोळे उत्तरेच्या रेषेवरून पलीकडे जाऊन पडले. उत्तरेच्या तोफखान्याचा प्रमुख हंट ह्याने दारूगोळा राखण्यासाठी आपल्या तोफा हळूहळू थांबवल्या. ते पाहून समोरच्यांना वाटले, की तोफखाना नामोहरम झाला. मग सुमारे साडेबारा हजार माणसे पाऊण मैलाच्या उघड्या शेतातून चालत निघाली आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास कामास आली किंवा शत्रूच्या हाती लागली. हा हल्ला पटावर मांडला की एक विचित्र अडचण उभी राहते: करड्या बाजूचा खेळाडू तो करायला तयार होत नाही. त्याने इतिहास वाचलेला असतो. म्हणून काही आयोजक गावांची आणि सेनापतींची नावे बदलून तीच लढाई मांडतात. खेळ संपल्यावर खेळाडूला कळते की आपण पिकेट होतो.

ह्या हल्ल्याची परवानगी पिकेटने लॉन्गस्ट्रीटकडे मागितली तेव्हा, हल्ला फसणार अशी खात्री असलेल्या लॉन्गस्ट्रीटच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्याने केवळ मान लवविली. यादवी युद्धाच्या साऱ्या कथनांत ह्याहून नाट्यपूर्ण क्षण थोडे असतील. खेळाच्या कोणत्याही कोष्टकात त्या मान लवविण्याला जागा नाही. तेथे हुकूम असतो किंवा नसतो. माणूस स्वतःला न पटलेली गोष्ट करतो, हे नियमाला सांगता येत नाही. ते कादंबरीलाच सांगता येते.

आणि कादंबरीने ते सांगितलेही आहे. परंतु कोणाच्या वतीने, हे पाहण्यासारखे आहे. विल्यम फॉकनरच्या ‘इन्ट्रूडर इन द डस्ट’ (१९४८) ह्या कादंबरीत एका प्रसिद्ध परिच्छेदाचा आशय असा आहे, की दक्षिणेतील प्रत्येक चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात ती जुलैची दुपार अद्याप सुरूच झालेली नाही: तोफा सज्ज आहेत, निशाणे उलगडायची आहेत, आणि अजूनही सर्व काही टळू शकते. मेजावरच्या खेळाचे मानसशास्त्र ह्याहून अचूक कोणी लिहिलेले नाही. तथापि हा मुलगा गोरा आहे, ही गोष्ट त्या परिच्छेदात गृहीत धरलेली आहे. ज्या कादंबरीत तो येतो तिचे कथानक ल्यूकस बोशँप ह्या काळ्या माणसाभोवती फिरते. त्याच्यावर खुनाचा खोटा आळ आलेला आहे आणि जमाव त्याला ठार मारील अशी भीती आहे. ल्यूकसच्या मनात त्या दुपारी किती वाजले असतील, हे तेथे कोणी विचारीत नाही.

चर्चिलने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हाच ‘जर’ उलटा करून मांडला. ली गेटिसबर्ग जिंकला आहे अशा जगातला इतिहासकार, तो हरला असता तर काय झाले असते ह्याची कल्पना करतो आहे, अशी त्याची रचना आहे. निबंध चतुर आहे. पण त्यात विजयी ली वॉशिंग्टनात येताच गुलामगिरी रद्द करून टाकतो. ह्या एका कलमावाचून तो विजय वाचकाला पचला नसता, हे चर्चिलने ओळखले होते. ‘जर’चे वाङ्मय ह्या ठिकाणी नेहमी अडखळते. दक्षिणेचा विजय कल्पायचा तर दक्षिण ज्यासाठी लढत होती ते कारण आधी हलक्या हाताने बाजूला ठेवावे लागते.

पटावर ते बाजूला ठेवावेही लागत नाही. ते तेथे आणलेलेच नसते. दोन्ही बाजू नियमांच्या दृष्टीने समान असतात. निळ्या सैनिकाचा एक फासा, करड्याचाही एक. खेळ म्हणून हे योग्यच आहे, कारण समानतेवाचून खेळ होत नाही. पण ली जे सैन्य घेऊन पेनसिल्व्हेनियात शिरला त्याच्या गाड्या हाकायला, घोडे सांभाळायला आणि अन्न शिजवायला हजारो गुलाम बरोबर होते. जूनमध्ये चेम्बर्सबर्गच्या आसपास त्या सैन्यातील तुकड्यांनी काळी माणसे पकडून दक्षिणेकडे पाठविली. त्यांत पळून आलेले गुलाम होते तशीच जन्माने स्वतंत्र माणसेही होती. १ जुलै रोजी, लढाई पेटलेली असताना, लॉन्गस्ट्रीटच्या मुख्यालयातून पिकेटला जो निरोप गेला, त्यात कूच करण्याबरोबर पकडलेल्या काळ्या लोकांना सोबत आणण्याचीही सूचना होती. हा निरोप सरकारने १८८० ते १९०१ ह्या काळात छापलेल्या १२८ पुस्तकांच्या दप्तरात आहे. आणि पटासाठी ब्रिगेडींची संख्या, तोफांची जागा आणि कूच करण्याच्या वेळा ह्याच दप्तरातून काढल्या जातात. पुरावा नव्हता असे म्हणण्याची सोय येथे नाही. नियमकाराने ती पाने उलटली. त्यांतून त्याने आपल्याला लागणारे आकडे घेतले.

परंतु ह्याबद्दल एकट्या नियमकाराला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्या आधी जॉन बॅचेल्डर ह्या चित्रकाराने लढाईनंतर लगेच गेटिसबर्गला येऊन ८४ दिवस मुक्काम केला, शेतन् शेत पाहून नकाशा काढला आणि पुढची कित्येक वर्षे दोन्ही बाजूंच्या सैनिकांकडून पत्रे मिळवून कोणती रेजिमेंट कोठे उभी होती हे निश्चित केले. आज रणांगणावर जी स्मारके उभी आहेत त्यांच्या जागा ठरविण्यात ह्या श्रमाचा मोठा वाटा आहे, आणि मेजावरच्या पट्ट्या जेथे ठेवतात त्या जागाही त्याच. बॅचेल्डरचा प्रश्न टोबीकाकाचाच होता: कोठे? त्याचे उत्तर त्याने यार्डांत दिले. इतिहासकारांच्या दोन पिढ्यांनी त्या उत्तरावर समाधान मानले. खेळ हा त्याच इतिहासाचा प्रामाणिक वारस आहे. जे मोजले गेले ते त्याने सांभाळले.

गेटिसबर्गच्या बहुतेक पटांवर स्मशानटेकडीच्या दक्षिणेस पसरलेल्या लांब टेकाडावर, उत्तरेच्या रेषेला लागून, एक पांढरे घर आणि एक धान्याचे कोठार असते. ३ जुलैच्या दुपारी पेटिग्रूच्या डाव्या टोकाची माणसे त्या कोठाराच्या जवळपर्यंत पोहोचली होती. नियमपुस्तकाच्या भाषेत ते कोठार म्हणजे ‘आडोसा’: त्याच्यामागे असलेल्या पट्टीवर गोळीबार करताना फाशातून एक आकडा वजा करायचा. ते घर एब्राहॅम ब्रायन नावाच्या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचे होते. बारा एकरांचा हा तुकडा त्याने १८५७ मध्ये विकत घेतला होता. लीचे सैन्य येत असल्याची बातमी आली तेव्हा गावातील बऱ्याच काळ्या कुटुंबांप्रमाणे तोही बायकामुलांना घेऊन निघून गेला. कारण राहिला असता तर तो विकला जाण्याचा संभव होता. अनेक पटांवर ह्या जागेचे नाव ‘ब्रायनचे कोठार’ असे छापलेले असते. ब्रायन कोण होता हे सहसा छापलेले नसते.

लढाईनंतर तो परत आला. घराच्या भिंतींना गोळ्यांची भोके पडली होती, कुंपणे मोडून नेलेली होती, उभे पीक पायाखाली गेले होते आणि शेतात माणसे पुरलेली होती. त्याने घर दुरुस्त केले, पुन्हा नांगर धरला आणि सरकारकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला. अर्जातील रक्कम १,०२८ डॉलर होती. त्याला मिळाले १५.